ताठ गाडी आणि काळी जमीन : एक प्रस्तावना

राजूर नावाची गावं महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. जालन्याकडच्या माणसाला राजूर म्हटलं की गणपतीचं देऊळ आठवतं, अकोले तालुक्यातल्याला सह्याद्रीच्या कुशीतलं बाजाराचं गाव. यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं राजूर मात्र कोळशाचं आणि चुन्याचं. खाली वर्धा खोऱ्यातला कोळसा, वर चुनाभट्ट्या, भोवती कापसाची काळी जमीन आणि तिच्यावर टाकलेले रस्ते. स्पोर्ट्‌स कारचं सस्पेन्शन बदलण्याविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना इथून सुरू व्हावी, हे पहिल्यांदा विचित्र वाटेल. असल्या गाड्यांची चित्रं नेहमी घाटातल्या गुळगुळीत वळणावर काढलेली असतात. पण गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या दिसतात. सस्पेन्शनची परीक्षा व्हायची ती वणी पट्ट्यातच होते, आणि कंपनीने दिलेलं सस्पेन्शन बदलून घ्यायची चाल या भागात स्पोर्ट्‌स कार यायच्या कितीतरी आधीपासून आहे. तिला इथे ‘पाटे वाढवणं’ म्हणतात.

आधी शब्दाचा निकाल लावू. सस्पेन्शनला शब्दकोशात ‘निलंबन’ सापडेल, पण खाणीच्या वसाहतीत निलंबन म्हटलं की लोकांना साहेबाचं पत्र आठवतं. तेव्हा सस्पेन्शनच बरं. गॅरेजमध्ये तर तेही कुणी म्हणत नाही. तिथे स्प्रिंग, पाटे, शॉकअप, बुश आणि लोअर आर्म अशी सुट्या अवयवांची नावं चालतात. ही सवय वरवर गावंढळ वाटली तरी नेमकी आहे, कारण ‘सस्पेन्शन’ नावाची एकच वस्तू गाडीत नसते. स्प्रिंग वजन उचलते आणि धक्का साठवून ठेवते. शॉकअप तो साठवलेला धक्का तेलाच्या बारीक वाटांतून घासून उष्णतेत जिरवतो. बुश आणि आर्म चाकाला त्याच्या जागी धरून ठेवतात. आणि या सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत खाली, टायर असतो. या चौघांची कामं वेगळी आहेत. कंपनीच्या सस्पेन्शनमध्ये सुधारणा करायची म्हणून बहुतेक हौशी मंडळी सुरुवात स्प्रिंगपासून करतात, गाडी खाली बसवतात आणि ताठ करतात. माझं म्हणणं असं, की आपल्या रस्त्यांवर सुधारणेची सुरुवात स्प्रिंगपासून करणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. आधी शॉकअप, बुश आणि चाकाचं वजन. स्प्रिंग शेवटी, आणि तीही लागली तरच.

यासाठी पहिला पुरावा ट्रकचा. कमानी पाट्यांचं गणित सोपं आहे. लांबी, रुंदी आणि जाडी तीच ठेवली, तर पाट्यांचा ताठरपणा त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. आठाचे दहा केले की पाव हिश्श्याने गाडी ताठ. जाडी दुप्पट केली तर तोच पाटा आठपट ताठ होतो. भरलेल्या गाडीची पाठ बसू नये म्हणून चालक-मालक पाटे वाढवतात, आणि भरलेल्या फेरीपुरतं ते बरोबरही वाटतं. पण प्रत्येक भरलेल्या फेरीला एक रिकामी फेरी जोडलेली असते. मागच्या एक्सलवरचं वजन चौथ्या हिश्श्यावर आलं, तर त्याच पाट्यांवर गाडीच्या वर-खाली होण्याची लय दुप्पट होते. म्हणून रिकामा ट्रक खड्ड्यावरून जाताना फाळका कानठळ्या बसतील असा आदळतो आणि मागची चाकं रस्त्यावर कमी, हवेत जास्त असतात. पाट्याने जो धक्का गिळायचा तो आता सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, चेसिस आणि चालकाच्या मणक्याच्या वाट्याला येतो. शिवाय रस्त्याच्या. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज एक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आपल्याकडे २०१८ साली चार चाकांच्या एकेरी एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली गेली. भार वाढला तेरा टक्क्यांच्या आत. त्या नियमाने दर फेरीची झीज मात्र सुमारे १.६ पट. वाढवलेले पाटे गाडीला हा भार पेलायला लावतात, रस्त्याला नाही. एका जागचा त्रास दुसऱ्या जागी हलवला की त्याला सुधारणा म्हणायची आपली जुनी खोड आहे.

आता हेच गणित हलक्या, वेगवान गाडीला लावून पाहू. महाराष्ट्रातल्या वाचकाला स्पोर्ट्‌स कार म्हणून इटलीतली लाल गाडी डोळ्यांपुढे आणायची गरज नाही. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली निघालेली, १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो घ्या, किंवा चाकणमध्ये तयार झालेली पोलो जीटी. दोन्ही बंद झाल्या, पण जुन्या बाजारात त्यांना भाव आहे आणि ‘अपग्रेड’चे सगळ्यात जास्त प्रयोग अशाच गाड्यांवर होतात. त्यातली पुंटो तर कंपनीनेच नेहमीच्या पुंटोपेक्षा खाली बसवली होती. अशा गाडीची स्प्रिंग दीडपट ताठ केली, तर तिची लय, म्हणजे एका सेकंदात ती किती वेळा वर-खाली होऊ पाहते तो आकडा, समजा १.३ वरून सुमारे १.६ वर जातो. साध्या गाड्या एक ते दीडच्या आसपास असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कार दीड ते दोन. शर्यतीच्या, हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणाऱ्या गाड्या तीन, चार, पाचपर्यंत. आकडा बघायला निरुपद्रवी दिसतो. त्याचा खरा अर्थ कळायला काळ्या जमिनीकडे वळावं लागतं.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाचा तो स्वभाव. शेतकऱ्याला हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. उन्हाळ्यात बांधाकडच्या भेगेत हात जातो. रस्त्याखाली तीच माती असते, पण सगळीकडे सारखी ओली नसते. डांबराखालची मधली माती वर्षभर जवळपास तशीच राहते, कडेची माती प्रत्येक ऋतूत हलते. म्हणून या रस्त्यांचे दोष दोन प्रकारचे. एक, फुटलेल्या कडांचे आणि खड्ड्यांचे आखूड, धारदार घाव. दुसरा प्रकार लांब लाटांचा: पाच, दहा, पंधरा मीटरांच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण सूर्य कलल्यावर डांबरावर सावली धरणाऱ्या. दहा मीटरांची लाट घेऊ. १.३ लयीची गाडी तिच्यावर ताशी सुमारे ४७ किलोमीटर वेगाला झोक्यासारखी डोलू लागते, कारण रस्त्याचा ठेका आणि गाडीचा ठेका तिथे जुळतो. ताठ स्प्रिंग टाकून लय १.६ केली की हा जुळणारा वेग ५८ वर सरकतो. म्हणजे डोलणं गेलं नाही, फक्त वेगाच्या काट्यावर पुढे ढकललं गेलं. आणि ५८ हाच तर वस्तीबाहेर पडल्यावर गाडी धरते तो वेग. झोका थांबवणं हे स्प्रिंगचं काम नाहीच. ते शॉकअपचं.

स्प्रिंगवाले इथे थांबत नाहीत, गाडी खालीही बसवतात. ३ सेंटिमीटर खाली बसवलेली गाडी म्हणजे चाकाला वर जायला ३ सेंटिमीटर जागा कमी. ती जागा संपली की चाक रबरी ठोकळ्यावर आदळतं, ताठरपणा क्षणात कितीतरी पट होतो, आणि वळणाच्या मध्यावर तसं झालं तर टायरची पकड सुटते. चालकाला वाटतं, गाडीने फसवलं. मिळवलेलं काय? वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर असेल, तर ३ सेंटिमीटरने ते सरकणारं वजन साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटतं. गाडी कमी कलली तर वजन कमी सरकतं, हा सार्वत्रिक गैरसमज. कलणं हे सरकण्याचं दृश्य रूप आहे, कारण नव्हे. त्यात आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सलने प्रचारात आणलेली ही स्वस्त, सुटसुटीत रचना. तिच्यात गाडी खाली घेतली की खालचा आर्म आडवा होऊन पुढे उलटा कलतो, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर, म्हणजे कलवणारा दांडा, उलट लांबतो. मग तो आवरायला आणखी ताठ स्प्रिंग. आगीतून फुफाट्यात जाण्याची ही यांत्रिक पद्धत.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो हलका नाही: मऊ गाडी वळणावर लोळते, मग स्पोर्ट्‌स कार आणि भाड्याची टॅक्सी यांत फरक काय? उत्तर इतिहासात आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९६२ साली एलान आणली. अंगाने अगदी हलकी, स्प्रिंगा मऊ, चाकांचा प्रवास भरपूर, आणि शॉकअप नेमके जुळवलेले. वळणाच्या बाबतीत ती आजही मापदंड म्हणून सांगितली जाते. तिचं मर्म मऊपणात नाही, हलकेपणात आहे. हलक्या गाडीला ताठ व्हावंच लागत नाही. त्याच्याही आधी, १९३० मध्ये रोल्स-रॉईसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिलं होतं की पुढच्या स्प्रिंगांची लय मागच्यांपेक्षा थोडी संथ ठेवली, तर उंचवट्यावरून गेल्यावर गाडीचा नाक खुपसण्या-उचलण्याचा खेळ लवकर निवतो. मागचं टोक उशिरा उडतं पण वेगाने परत येऊन पुढच्याला गाठतं. बाजारातून चार स्प्रिंगांचा खोका आणून बसवणारा हा समतोल मोडतो आणि आपण काय मोडलं हे त्याला कळतही नाही.

विदर्भाला यासाठी लोटसपर्यंत जायचीही गरज नाही. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, छकडा पाहा. अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर या पटांसाठी प्रसिद्ध. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा ग्राह्य धरला गेला. शर्यतींच्या नैतिकतेचा वाद इथे नको. वाहन म्हणून छकडा काय आहे एवढंच बघू. ओझ्याची बंडी आणि पटाचा छकडा यांत फरक कशाने पडतो? लाकूड कमी करून. छकड्याला स्प्रिंग नसते. धुरकऱ्याचे गुडघे हीच त्याची स्प्रिंग आणि तोच शॉकअप. वजन उतरवा, मग बाकीचं बघा, हे सुताराला ठाऊक होतं. आजचा हौशी नेमकं उलटं करतो, चाकं एक-दोन इंचांनी मोठी आणि जड टाकतो. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की खड्ड्यावर उसळलेलं चाक आवरायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं. आणि टायरची भिंत आखूड झाल्यामुळे पहिला धक्का गिळणारा गडीच कामावरून कमी होतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो निम्मा खरा आहे. कंपनीच्या अभियंत्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधनाची एआरएआय ही संस्था आहे, अहिल्यानगरला लष्करी वाहनांची व्हीआरडीई आणि तिच्या चाचणीच्या धावपट्ट्या आहेत, एवढं सगळं असताना गॅरेजवाल्याने कंपनीच्या कामात हात का घालावा? घालावा, कारण कंपनीची जुळवणी म्हणजे तडजोड असते आणि तडजोडीत एक पक्ष हिशेबनिसाचा असतो. एकटा चालक आणि डिकीत लग्नाचं सामान भरलेली पाच माणसं, दोन्हींना तीच स्प्रिंग चालली पाहिजे. आवाज येऊ नये म्हणून बुशचं रबर मऊ ठेवायचं, आणि शॉकअप किमतीत बसला पाहिजे. यातलं स्प्रिंगचं गणित बहुधा चोख असतं, कारण चुकलं तर गाडी जमिनीला लागते आणि तक्रार येते. काटकसर होते ती शॉकअपमध्ये, कारण मध्यम शॉकअप दोन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. चांगल्या शॉकअपची किंमत त्याच्या झडपांत असते. पिस्टन संथ हलत असताना, म्हणजे वळणावर किंवा लांब लाटेवर, तेलाला घट्ट अडवायचं; आणि खड्ड्याच्या धारेवर पिस्टन झपाट्याने हलला की वाट मोकळी सोडायची. गाडी वळणावर ताठ आणि खड्ड्यावर मऊ वाटते ती यामुळे. एकच स्प्रिंग या दोन गोष्टी करू शकत नाही, तिला वेग कळतच नाही. त्यात भर म्हणजे सततच्या खड्ड्यांनी तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप अर्ध्या वाटेत ढिला पडतो; दाबाखाली वायू भरलेले शॉकअप यावर जास्त टिकतात. म्हणून सुधारणेचा पहिला रुपया इथे.

किंबहुना त्याच्याही आधी तपासणीला. बोनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन सोडला की गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. ती दोन-तीनदा मान डोलावत राहिली तर शॉकअप गेला. कोळशाच्या पट्ट्यात याहून सोपी खूण आहे. गळक्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा पातळ थर येतो आणि त्यावर कोळशाची धूळ बसून काळं, ओलसर, बोटाला चिकटणारं पूट तयार होतं. कोरडी राखाडी धूळ असेल तर शॉकअप धड आहे. टायरवरून तळहात फिरवला आणि खवल्यांसारखे उंचवटे लागले, तर चाक रस्त्यावर नाचत चाललं होतं असं समजायचं. आर्मच्या बुशमध्ये पहार अडकवून हलवलं आणि फटीतून रबराची चीर उघडली, तर नव्या स्प्रिंगांवर घातलेले पैसे त्या चिरेतून वाहून जाणार. पुष्कळ ‘ढिल्या’ गाड्या कंपनीच्या चुकीमुळे ढिल्या नसतात. त्या म्हाताऱ्या झालेल्या असतात, आणि मूळ प्रतीचे नवे बुश आणि शॉकअप पडले की मालकाला वाटतं, अपग्रेड झालं.

तिसरा आक्षेप नागरिकाचा: गाडी कशाला बदलायची, रस्ते नीट करा. इथे ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणून कुणाला गप्प करता येणार नाही, कारण अंगण खरोखरच वाकडं आहे. गतिरोधकच घ्या. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो ३.७ मीटर लांबीचा आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येईल असा हवा. गावोगावी अपघातानंतर रातोरात उभे राहणारे गतिरोधक म्हणजे रस्त्यावर आडवे टाकलेले लाकडाचे ओंडकेच. मागणी रास्त आहे आणि ती केलीच पाहिजे. पण या पुस्तकाचा विषय उद्याचा रस्ता नसून आजची गाडी आहे, आणि गुळगुळीत झालेला रस्ताही काळ्या मातीवरच असणार, दोन पावसाळ्यांत लाट धरणार. शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला ताठ आणि खाली बसलेली गाडी खरंच वेगवान पडते, कारण त्याचं अंगण सरळ आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याच्या याद्या वाचून वणी-घुग्घुस रस्त्यावर गाडी काढणाऱ्याशी आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची नोंदणीतली मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे अधोरेखित केलं. झिजलेला शॉकअप काढून त्याच मापाचा, चांगल्या प्रतीचा बसवणं आणि गाडीची उंचीच बदलणं यांत कायद्याच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. बदलण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घेतलेलं बरं. अपघातानंतर विमा कंपनीच्या माणसाने गाडीखाली वाकून पाहिल्यावर ते कळण्यात शहाणपण नाही.

राहता राहिली ती फेरजुळवणीची पद्धत. ताठरपणा घुंडीने बदलता येणारे शॉकअप ज्यांनी बसवले, त्यांच्यातले बहुतेक एकदा घुंडी फिरवतात आणि विसरतात. काळ्या जमिनीवर हे चालत नाही, कारण वैशाखातला रस्ता आणि भाद्रपदातला रस्ता एक नसतो. टायरची हवा थंड असताना मोजून सारखी ठेवावी, टाकी अर्धी असावी, वजन तेच असावं. मग एकाच दोन-तीन किलोमीटरच्या तुकड्यावर ४०, ५० आणि ६० च्या वेगाने जाऊन यावं आणि घुंडीचे क्लिक वहीत लिहावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मे महिन्याचं एक पान, सप्टेंबरचं दुसरं. दोन्ही पानांवर एकच आकडा आला, तर त्या तुकड्याखाली बहुधा मुरूम चांगला पडला असावा.